आबांची वही

वाचक माऊलींनो, कीर्तनकाराला बोलण्याची सवय असते, लिहिण्याची नसते. श्रोत्यांचे तोंड समोर असले की शब्द आपोआप सुचतात; कोरा कागद समोर आला की विठ्ठलाचे नाव घेऊनही पहिली ओळ लवकर उतरत नाही. पंचेचाळीसहून अधिक वर्षे संतांच्या कृपेने नारदाच्या गादीवर उभा राहिलो. आता गुडघे उभे राहू देत नाहीत आणि घसा वरच्या पट्टीला जात नाही, म्हणून कीर्तन थांबवले आहे. पण एक गोष्ट गादीवरून सांगायची राहून गेली. ती माझ्या वडिलांची आहे. खरे म्हणजे ती माझ्या चुकीची आहे, आणि म्हणूनच ती गादीवरून सांगण्याचे धैर्य कधी झाले नाही.

वडिलांना आम्ही आबा म्हणत असू. नांदेड जिल्ह्यातल्या कंधार-लोहा पट्ट्यात आमचे गाव. चार एकर कोरडवाहू रान, दोन बैल आणि एक मृदंग, एवढीच आबांची इस्टेट. त्यांचे नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. सप्ताहाच्या पत्रिकेत कीर्तनकाराखाली ‘मृदंगाचार्य’ म्हणून आपले नाव छापलेले त्यांना आवडत नसे. ते म्हणत, “नुसतं मृदंगी लिहा. आचार्य व्हायला अजून लई जन्म लागतील.”

आबांचे मृदंगाशी वागणे घरातल्या माणसाशी वागावे तसे होते. खैराच्या लाकडाचे खोड, त्यावर ओढलेल्या चामड्याच्या वाद्या, वाद्यांत बसवलेले लाकडी गट्टे. त्यातला कोणता गट्टा किती खाली ठोकला म्हणजे शाईची पुडी सुरात येते, हे त्यांच्या हाताला ठाऊक होते. कीर्तनाआधी ते धुमेला कणीक लावत. कणीक किती घट्ट भिजवायची हे आई ठरवत नसे, आबा ठरवत. उन्हाळ्यात वेगळी, पावसाळ्यात वेगळी. सप्ताह संपला की ती कणीक खरवडून गाईला घालत आणि मगच स्वतः जेवायला बसत.

मी लहानपणी मृदंग शिकावा असे त्यांच्या मनात होते. चार-पाच वर्षे शिकलोही. हाताला घट्टे पडले, बोल तोंडपाठ झाले, पण माझे मन निरूपणाकडे ओढ घेई. आबांनी ते ओळखले आणि १९६८ साली मला स्वतः आळंदीला नेऊन सोडले. विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत मी चार वर्षे राहिलो. निरोप घेताना आबा एवढेच म्हणाले, “बोल इसरू नको. तोंडातले बोल हातातल्यापेक्षा जास्त दिवस टिकतात.” या वाक्याचा अर्थ मला कळायला पन्नास वर्षे गेली.

परत आल्यावर माझी कीर्तने सुरू झाली आणि मागे मृदंगावर आबा. पहिल्याच कीर्तनाला एक प्रसंग घडला. मी गादीवर उभा राहिलो, आणि आबा पुढे येऊन माझ्या पाया पडले. मी एकदम मागे सरकलो. बाप पाया पडतो म्हणजे काय! ते हळूच म्हणाले, “तुझ्या पडत नाही लेका, गादीच्या पडतोय. तू मधी उभा हायेस एवढंच.” पुढे पंधरा वर्षे, प्रत्येक कीर्तनाला, ते तसेच पाया पडले. घरी मी त्यांच्या पाया पडायचो, मंडपात ते गादीच्या. घरी मी ‘बाळ’ होतो, मंडपात ‘महाराज’.

आबांना ऐकण्याचे वेड होते. औशाच्या नाथ संस्थानाचे चक्रीभजन ऐकायला आणि पाहायला ते मला घेऊन गेले होते. देवापुढे गोल फिरत चालणारे ते भजन पाहून म्हणाले, “बघ, इथं पाय फिरत्यात आणि ताल जागचा हालत नाही.” नांदेडला बाजाराला गेले की गोदावरीत हातपाय धुऊन ते गुरुद्वाऱ्यात जाऊन बसत. गुरू ग्रंथसाहिबात आपल्या नामदेवरायांची ६१ पदे आहेत. ती तिथे गायली जाताना मागचा तबला ऐकत ते तासन्‌तास डोळे मिटून बसलेले मी पाहिले आहेत. नरसीचे नामदेवराय इथून पंजाबात गेले आणि पंजाबी बोली बोलणाऱ्यांच्या तोंडून पुन्हा गोदेच्या काठी ऐकू आले, याचे त्यांना फार कौतुक होते. “आपला माणूस लोकांनी जपला,” असे म्हणून ते हात जोडत.

आमच्या मुलखातले दोन कलावंत त्यांच्या बोलण्यात नेहमी असत. एक अंबाजोगाई तालुक्यातल्या आपेगावचे शंकरबापू. हे आपेगाव वेगळे. ज्ञानोबांच्या पूर्वजांचे आपेगाव पैठणजवळचे. शंकरबापू आपेगावकरांचा पखवाज वारकऱ्यांच्या भजनातून उठून देशभर पोहोचला आणि १९८६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ती बातमी ऐकून आबांनी आपल्या मृदंगाला हार घातला. दुसरे नांदेडचे पंडित नाथराव नेरळकर, अण्णासाहेब गुंजकरांचे शिष्य. शंकरबापूंच्या मागे उद्धवबापूंनी पखवाज सांभाळला, नाथरावांची मुलेही गाण्यातच राहिली. आबा हे सगळे सांगत, पण ‘तू मात्र मृदंग सोडलास’ असे एकदाही म्हणाले नाहीत. न बोललेले वाक्यच जास्त लागते, हे पोरांना उशिरा कळते.

आता चुकीकडे येतो.

१९८८ सालची गोष्ट. माझे नाव थोडे झाले होते. लातूरला एका मोठ्या सप्ताहात कीर्तनाचे आमंत्रण आले. तोवर इतक्या मोठ्या मंडपात मी उभा राहिलो नव्हतो. बोलणी करायला आलेल्यांपैकी एकाने जाता जाता सुचवले, “महाराज, मृदंगावर तरुण माणूस आणा. हल्ली लोकांना तयारी लागते.” आबा तेव्हा पासष्टीचे. हात सुरात होता, पण द्रुत लयीतला वेग उतरला होता. मी रात्रभर विचार केला. सकाळी आबांना म्हणालो, “प्रवासाची दगदग होईल. या वेळेला तुम्ही घरीच आराम करा.” त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “बरं.” एवढेच. मग ते गोठ्याकडे गेले.

मी एका तरुण मृदंगवादकाला घेऊन लातूरला गेलो. मुलगा गुणी होता, यात शंका नाही. त्याने पहिल्याच गजराला असे तुकडे वाजवले की मंडप उठून उभा राहिला. टाळ्या पडल्या, मीही चढलो. पण निरूपणात शिरल्यावर मला सारखे काहीतरी अडत होते. प्रमाण म्हणून अभंग उचलावा तो मृदंग आधीच धावत सुटलेला असे. एखाद्या शब्दावर थांबावे, श्रोत्यांच्या डोळ्यांत तो उतरू द्यावा, तर तिथे तिहाई येऊन पडे. लोक खूश होते. मी मात्र दमलो होतो, आणि का दमलो ते कळत नव्हते.

आरती झाली. गर्दी दर्शनाला रांगेत आली. त्या रांगेत, धोतराचा सोगा हातात धरून, आबा उभे होते. कंधारहून एसटी बदलत बदलत आले होते आणि मंडपाच्या शेवटच्या खांबाला टेकून पूर्ण कीर्तन ऐकले होते. त्यांचा नंबर आला तसे ते नेहमीप्रमाणे गादीच्या पाया पडले. म्हणाले, “महाराज, चाल चांगली लागली होती.” आणि पुढे सरकले. मागच्या माणसाला वाट द्यायची होती.

मला तोंड उघडता आले नाही. ते त्या रात्रीच्याच गाडीने परत गेले. पुढे पाच वर्षे मी निरनिराळे मृदंगवादक नेत राहिलो, आबा गावच्या मारुतीपुढे हरिपाठाला वाजवत राहिले, आणि आम्हा दोघांमध्ये त्या रात्रीचा विषय एकदाही निघाला नाही. क्षमा मागावी असे रोज वाटे. पण दिवस गेले की क्षमा मागणेही अवघड होऊन बसते.

मग १९९३ साल आले. ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून माणसे निजली होती. किल्लारी आणि आसपासची गावे दगडमातीच्या ढिगाऱ्यांत गेली. आठ-दहा हजार माणसे गेली म्हणतात. आमच्याकडेही घरे हलली होती, पण तिकडचे ऐकले तेव्हा आपले काहीच गेले नाही असे वाटले. काही दिवसांनी त्या भागातल्या ओळखीच्या एका वारकऱ्याचा निरोप आला: पत्र्याच्या शेडमध्ये राहतो आहोत, कुणी येऊन दोन शब्द देवाचे सांगा. ज्या तरुणांना मी नेत असे, त्यांतल्या कुणाला यायला जमेना. मी पिशवी भरत होतो. आबा मृदंग खोळीत घालून ओसरीवर येऊन बसले. “चला,” म्हणाले. ते तेव्हा सत्तरी ओलांडलेले.

संध्याकाळी शेडपुढे माणसे जमली. निम्म्यांच्या डोक्यांवर, हातांवर पट्ट्या. बायका पोरांना कुशीत धरून बसल्या होत्या. मी आबांकडे पाहिले तर ते कणीक लावत नव्हते. मी विचारले, “आबा, कणीक आणली नाही का?” ते म्हणाले, “आणलीय. लावणार नाही. जमिनीतून आवाज आला तवापासून ही लेकरं गडगडाट ऐकली की दचकत असतील. धुमेचा आवाज तसाच येतो.”

मृदंग वाजवणाऱ्यांना ठाऊक आहे, डावीकडे कणीक नसली की खर्ज निघत नाही. मृदंग अर्धाच बोलतो. आबांनी त्या रात्री अर्धाच मृदंग वाजवला. साधा भजनी ठेका, आठ मात्रा, तोही बोटांच्या टोकांनी. एक तुकडा नाही, एक तिहाई नाही. माझा आवाज भरून येई तिथे ते थांबत, मी सावरलो की पुन्हा हात टेकवत. मी कीर्तन काय केले ते मला आठवत नाही. एवढे आठवते की मध्यरात्र झाली तरी कुणी उठले नाही, आणि एक आजीबाई मांडीवरच्या नातवाच्या पाठीवर त्याच ठेक्याने थापटत होत्या. पोर गाढ झोपले होते.

त्या रात्री मला लातूरच्या दमण्याचे कारण कळले. आबांचा हात मला पंधरा वर्षे श्वास घ्यायला जागा देत आला होता, आणि ती जागा माझी स्वतःचीच आहे असे मी समजत होतो.

त्यानंतर आबांचा हात थरथरायला लागेपर्यंत मी दुसऱ्या कुणाला मृदंगावर नेले नाही. पण क्षमा? ती राहिलीच. २००१ साली कार्तिकात ते गेले. शेवटच्या दिवसांत बोलणे तुटक झाले होते, तरी उशाला ठेवलेल्या तांब्यावर बोटे चालत असत. मी बोटे पाहत बसायचो. कोणता बोल आहे ते ओळखायचो. बोलायचो मात्र नाही.

त्यांच्या मागे मृदंग माळ्यावर गेला. पेटीत एक जाड वही होती, लाल कापडात बांधलेली. उघडली तर आत सगळे उर्दू. आबांचे शिक्षण निजामाच्या राजवटीतले. शाळेत उर्दू, कचेरीत उर्दू. त्यांच्या पिढीचा लिहिता हात त्या लिपीत बसला तो कायमचा. पोथी देवनागरीत वाचत, पण स्वतःसाठी लिहायचे ते उजवीकडून डावीकडे. घरात कुणालाच वाचता येईना. हिशोबाची वही असेल म्हणून ती तशीच राहिली. तब्बल बावीस वर्षे.

दोन वर्षांपूर्वी नातवाने माळा साफ करताना ती खाली काढली. “आजोबा, ही टाकायची का?” त्या प्रश्नाने मी जागा झालो. वही घेऊन नांदेडला गेलो. तिथे एक निवृत्त उर्दू शिक्षक ओळखीचे आहेत, माझ्याच वयाचे. त्यांनी चष्मा लावून पहिले पान पाहिले आणि म्हणाले, “महाराज, हा हिशोब नाही. पण ही कोणती भाषा आहे ते मला कळत नाही. तारीख तेवढी कळते. फसली सन १३५७.” म्हणजे इसवी सन १९४७-४८. हैदराबाद संस्थान भारतात येण्याच्या आधीचे वर्ष. आबा तेव्हा पंचविशीचे.

मी म्हणालो, “मास्तरसाहेब, जसे दिसते तसे वाचा.”

ते अडखळत वाचू लागले. “ते, टे, काफ, ते... तट कत? गद गन?”

मी उठून उभा राहिलो. “तिट कत गदि गन!”

उर्दू लिहिताना ऱ्हस्व स्वरांच्या खुणा बहुतेक वगळतात. धिं लिहिले की धुं, तिट की तट, हे नुसत्या अक्षरांवरून ठरत नाही. ज्याला शब्द आधीच ठाऊक आहे त्यालाच ते नीट वाचता येते. मास्तरसाहेबांना लिपी येत होती, बोल येत नव्हते. मला बोल येत होते, लिपी येत नव्हती. ते व्यंजन सांगत, मी स्वर भरत असे. चौतालाच्या परणी, धमाराचे तुकडे, धुमाळीचे किती प्रकार! लहानपणी आबांनी माझ्याकडून घोकून घेतलेले सगळे घशातून आपोआप वर येत होते. तोंडातले बोल हातातल्यापेक्षा जास्त दिवस टिकतात, हे आबा आळंदीला का म्हणाले ते त्या दिवशी, त्या खोलीत, चहा गार होत असताना कळले. दर आठवड्याला एक दिवस असे आम्ही सात महिने बसलो. मास्तरसाहेबांनी एक पैसा घेतला नाही. म्हणाले, “तुमच्या वालिदसाहेबांचा हात फार साफ आहे, महाराज. असं लिहिणारे आता आमच्यातही राहिले नाहीत.”

वहीच्या मागच्या पानांवर बोल नव्हते. गाव, कीर्तनकार आणि एखाद-दुसरी ओळ. बहुतेक ठिकाणी नुसते ‘ठीक’ किंवा ‘मृदंग उतरला होता’. वाचता वाचता मास्तरसाहेब थांबले. “इथं लातूर लिहिलंय. वाचू?”

मी मान हलवली.

त्यांनी वाचले: लातूर. चिरंजीवांचे कीर्तन. मी श्रोत्यांत. वाजवणारा मुलगा हुशार, पण बोलणे ऐकत नाही, आपल्या पाळीची वाट पाहतो. पोराला दम घ्यायला जागा नाही. सांगावे काय? नको. त्याचे त्याला कळेल.

मास्तरसाहेबांनी वही मिटली आणि खिडकीबाहेर पाहत बसले. मी बराच वेळ रडलो.

त्या ओळीत राग नव्हता, आणि आपल्याला घरी ठेवले याची तक्रारही नव्हती. शेवटच्या खांबाला टेकून बसलेला तो माणूस त्या रात्रीही माझी साथच करत होता. मला दम घ्यायला जागा मिळते की नाही, एवढेच पाहत होता. ज्याची क्षमा मागायची मी तेरा वर्षे टाळली, त्याने ती त्याच रात्री देऊन टाकली होती. मीच ती घ्यायला पोहोचलो नव्हतो.

माऊलींनो, आपल्या संप्रदायात मागे उभे राहणाऱ्याला कमी लेखलेले नाही. तुकोबांच्या मागे चौदा टाळकरी होते असे परंपरा सांगते. संताजी जगनाडे, गंगाराम मवाळ यांची नावे आपण आजही आदराने घेतो. त्यांच्या लिहिण्याने महाराजांची वाणी आपल्यापर्यंत पोहोचली. पण आजच्या मंडपात पत्रिकेवरचे मोठे नाव, मोठा भोंगा, टाळ्यांचा तुकडा यांकडे लक्ष जास्त जाते. तरुण वादकांना दोष देत नाही. त्यांना तुकडा मागणारे आम्ही कीर्तनकारच होतो. मीही होतो.

गावातल्या पोरांनी आबांच्या नावाने पुरस्कार ठेवू, मोठा फलक लावू म्हणून आग्रह केला. त्यांची माया समजते. पण पत्रिकेत नाव नको म्हणणाऱ्या माणसाचे नाव चौकात कसे टांगायचे? मी दुसरे केले. वही देवनागरीत उतरवली. मृदंगाला नव्या वाद्या ओढून घेतल्या, पुडी बदलली, खोड तेच. आता रोज संध्याकाळी मारुतीच्या पारावर अकरा मुले-मुली येतात. मला वाजवता येत नाही. हात कधीच गेला. मी बोल म्हणतो, मुले हाताने काढतात. एक मृदंग आहे, तो पाळीपाळीने मिळतो. ज्याची पाळी नसेल त्याने टाळीने ठेका धरायचा आणि ऐकायचे. पहिले सहा महिने तुकडा शिकवायचा नाही, असा नेम आहे. आधी अभंग म्हणणाऱ्याचा श्वास ऐकायला शिकायचे.

गेल्या कार्तिकात आबांच्या तिथीला आम्ही पारावर नुसते भजन केले. एक नऊ वर्षांची मुलगी मृदंगावर होती. मी रूपाचा अभंग धरला. दुसऱ्या चरणाला माझा घसा बसला आणि आवाज अडकला. त्या पोरीने हात उचलला, थांबली, माझ्याकडे पाहिले. मी श्वास घेतला. मग तिने अलगद सम दिली.

मी तिच्या पाया पडलो. ती घाबरून मागे सरकली. मी म्हणालो, “तुझ्या नाही बाळ, मृदंगाच्या.”

राम कृष्ण हरी.